निरोप तोंडी होता

हेन्डरसन, २ मार्च २०२५, रविवार

सिद्धी,

'चि. सौ. सिद्धीस अनेक उत्तम आशीर्वाद' अशी सुरुवात केली होती. मग वाटलं, तेवढं वाचूनच तू पाकीट ड्रॉवरमध्ये टाकशील. म्हणून नुसतं सिद्धी. अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे. तुला मराठी वाचायला वेळ लागतो आणि वेळ लागला की तू चिडतेस, हे मला ठाऊक आहे.

व्हॉट्सॲपवर तू मला ब्लॉक केलंस त्याला सहा महिने झाले. फोन केला तर तो थेट व्हॉइसमेलला जातो. तेव्हा राहिलं टपाल. तुझ्या डनिडिनला पत्र पोचायला आठवडा लागेल, असं काउंटरवरची मुलगी जरा बिचकतच म्हणाली. मी म्हटलं, मला दोनशे वर्षांपूर्वीच्या टपालाची सवय आहे. ती इथल्या पोरांसारखं "स्वीट ॲज" म्हणाली आणि तिने तिकीट चिकटवलं.

गेल्या आठवड्यात क्षितिजचा फोन आला होता. जावई म्हणून तो लाखात एक आहे, पण मध्यस्थ म्हणून अगदीच कच्चा. म्हणाला, "आई, सिद्धीला एकच विचारायचंय. बाबा शेवटी ॲक्च्युअली काय बोलले? पुस्तकातलं नकोय, असं तिने सांगितलंय." मागून ओवी ओरडत होती, "इज दॅट आजी? टेल हर आय लॉस्ट अनदर टूथ." तो फोन ओवीच्या हातात दिला गेला नाही. नातीचा आवाज असा भिंतीआडून ऐकायची वेळ तू माझ्यावर आणलीस.

उत्तर मी तुला तेव्हाच दिलं होतं. बाबा झोपेत गेले. मला कळायच्या आत गेले.

तुझा राग त्या वहीवर आहे. तेराव्याचे लोक जेवून गेले, तू भांडी आवरता आवरता गॅरेजमध्ये माझ्या टेबलापाशी आलीस आणि वही उघडलीस. तुझ्या वडिलांचे श्वास मी मोजून लिहिले होते. तू विचारलंस, "आई, हे तू त्यांच्या शेजारी बसून लिहीत होतीस?" मी हो म्हटलं. खोटं कशाला बोलू? तू बॅग भरलीस आणि दुसऱ्या दिवशीचं विमान होतं तरी त्याच संध्याकाळी टॅक्सी बोलावून एअरपोर्टवर जाऊन बसलीस.

माझी ही सवय आजची नाही. पुण्यात दप्तरखान्यात बसून मोडी कागद वाचायचे तेव्हापासूनची आहे. कागदात माणसाचं नाव मिळतं, कामाचा दाखला मिळतो, कधी मेल्याची तारीख मिळते. तो चालायचा कसा, शिंकायचा कसा, हे कुणी लिहून ठेवत नाही. ते मी जिवंत माणसांकडून उचलते. पहिल्या कादंबरीतली कारभारीण म्हणजे शांतामावशी, हे तुलाही ठाऊक आहे. मावशीने ती वाचली आणि म्हणाली, "माझं बोलणं घेतलंस ते घेतलंस, निदान नथ तरी जरा बरी द्यायचीस." अशी माणसं आता राहिली नाहीत.

रायाजी मला बारा वर्षांपूर्वी सापडला. जासूद, म्हणजे सरकारी निरोप घेऊन पायी पळणारा माणूस. त्याच्याबद्दल उभ्या दप्तरात एकच ओळ आहे: 'जासूद रायाजी वाटेस दुखणे येऊन मयत जाहला. निरोप तोंडी होता.' संपलं. कुठून निघाला, कुणाकडे चालला होता, निरोप काय होता, काही नाही. सगळे जासूद कागद घेऊन जायचे, आणि याच्या हाती कागद दिला नव्हता. त्या ओळीने मला धरलं ते आजतागायत सोडलेलं नाही.

आणि रायाजीची चाल तुझ्या बाबांची आहे. निवृत्त झालेला पाणीपुरवठ्याचा इंजिनीयर, त्याला मी कोल्हापुरी चपला घालून वायटाकेरेच्या डोंगरात चालवायचे. पायवाटेच्या तोंडाशी बूट घासायचे ब्रश लावलेले असतात ना, कौरीच्या झाडांना रोग लागू नये म्हणून? तिथे ते वाकून चपला घासायचे आणि येणारेजाणारे गोरे थबकून बघायचे. "विभा, तुझ्या रायाजीला असली भानगड नव्हती," म्हणायचे. मी पुढे घड्याळ लावून चालायची. किती वेळाने दम लागतो, किती वेळाने बोलणं तुटतं, सगळं लिहून घ्यायची. ते हसत असायचे. त्यांनी कधी तक्रार केली नाही, हे तुला सांगायचं होतं.

आज अवोन्डेलच्या बाजारात गेले होते. मेथी मिळाली. तीनच्या आत घरी येऊन पिशवी ठेवली आणि पुन्हा बाहेर पडले. हल्ली तीननंतर मी घरात थांबत नाही. लाकडी घर आहे, दुपारी उन्हाने लाकूड करकरतं आणि लिहिण्यात लक्ष लागत नाही.

तुझी,
आई


हेन्डरसन, १९ एप्रिल २०२५, शनिवार

सिद्धी,

पाकीट मिळालं. त्यावरचं तुझं अक्षर पाहून मी दारातच खाली बसले. शेजारचा चंद्रहास कुंपणाशी कचऱ्याचा बिन लावत होता, तो धावत आला. "काकू, यू ओके? पडलात का?" म्हटलं, नाही रे, मुलीचं पत्र आलंय.

आत वहीच्या त्या पानाचा फोटो छापून घातलेला. म्हणजे तेराव्याला तू फोटो काढला होतास. आणि खाली मराठीत, तिसरीतल्या अक्षरात: 'खुणा कर. प्रत्येक ओळीला. ज्यांना कधी पाहिलं नाही त्या मेलेल्या माणसांसाठी करतेस ना?'

लहानपणी याच खुणांवरून तू माझी टिंगल करायचीस. समासात 'पु' म्हणजे पुरावा आहे, 'क' म्हणजे माझी कल्पना. एकदा तू डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी लावून पाठवली होतीस, 'भाजी छान होती. क.' मी ती पट्टी कितीतरी दिवस टेबलावर चिकटवून ठेवली होती. चाळीस वर्षांत माझी एकही टिपण-ओळ खुणेविना गेलेली नाही. वाचणाऱ्याला मी काहीही सांगेन, तो माझा धंदाच आहे. स्वतःच्या वहीत मात्र मी स्वतःला फसवत नाही, एवढाच माझा धर्म. आणि नेमक्या त्या पानावर खुणा नाहीत.

तू मागितल्यास म्हणून करते.

'चार छोटे श्वास, मग एक लांब.' पु.

'ओठांवर पापुद्रा.' पु.

'उजवा हात चादर चाचपतो, खिसा शोधल्यासारखा.' पु.

'आवाज परत आला. कोरडा, पण स्वतःचा.' पु.

'पोरीला सांगायचंय.' पु.

होय, ते बोलले. झोपेत गेले असं मी सांगितलं ते तुला लागू नये म्हणून. तीन दिवस तोंडातून शब्द नव्हता, नर्स मेलेआने सकाळीच म्हणून गेली होती की आता बहुतेक बोलणार नाहीत. आणि त्या दुपारी बोलले. पुढचं मी वहीत उतरवलं नाही, कारण तोवर मी पेन खाली ठेवलं होतं. पण ऐकलं ते सांगते. म्हणाले, "पोरीला सांग, मी सगळं चालून आलो."

एवढंच. मग डोळे मिटले.

आता तुला मिळालं ना हवं ते? मला वाटतं, हे मी आधीच सांगायला हवं होतं. शुक्रवारी तू यायची होतीस आणि ते बुधवारीच गेले, हे मनाला लावून घेऊ नकोस. तुझी आठवण त्यांच्या तोंडी होती.

कादंबरीचं म्हणशील तर ती पुरी झाली आहे. पुण्याहून प्रसादचा फोन आला होता. दिवाळीच्या आत काढू म्हणतो. रायाजीच्या मरणाचं प्रकरण वाचून तो आणि त्याची बायको दोघं जेवायचं विसरले म्हणे. प्रकाशक जेवायचं विसरला म्हणजे मोठीच गोष्ट. एकच बारीक शंका होती त्याची. "मॅडम, एकशे बाराव्या पानावर मध्येच 'लावलास का' असं आलंय. दोनदा. पुढे एकशे चाळीसवर परत. रायाजी कुणाला विचारतोय हे? काढू का?" मी म्हटलं, काढ बाबा, चुकून टाइप झालं असेल. वय झालं आता.

ओवीला म्हणावं, पडलेला दात आजीला बघायचाय. टाकू नकोस.

आई


हेन्डरसन, ८ जून २०२५, रविवार

सिद्धी,

आता रोज फोनवर बोलतो तरी ही काय पत्र लिहिते, असं तुला वाटेल. मलाही वाटतं. पण टपालाची सवय लागली, आणि काही गोष्टी मला बोलून जमत नाहीत. लिहूनही कितपत जमतात ते आता बघायचं.

अठ्ठावीस एप्रिलला सकाळी फोन वाजला आणि तुझं नाव दिसलं, तेव्हा मी चहा गाळत होते. चहा सगळा ओट्यावर. तू पाच मिनिटं नुसती रडत होतीस. मग म्हणालीस, "सगळं चालून आलो. आई, अगदी बाबांसारखं आहे गं हे." मीही रडले. आठ महिन्यांचं साचलं होतं. तू परत मिळालीस याचा आनंद मला इतका झाला, की त्या दिवशी मी एकटीने चार पुरणपोळ्या करून दोन खाल्ल्या.

आणि मग तुझी ती बाकाची कल्पना. इथल्या लोकांची ही पद्धत मला पहिल्यापासून आवडते. गेलेल्या माणसाच्या नावाने समुद्राकडे तोंड करून बाक ठेवायचा, पाटी लावायची. कुणीही यावं, टेकावं. बाबा तुमच्याकडे आले की तिथल्या समुद्राकाठच्या वाटेवर तासन्‌तास बसायचे, तेव्हा तिथेच बाक हवा हे तुझं म्हणणं बरोबर आहे. चौदा ऑगस्टला, वर्ष होईल त्या दिवशी, सगळ्यांनी जमायचं. तू माझं तिकीट काढलंस. तुमच्याकडे विमानातून उतरले की ओवी हातात बोर्ड धरून उभी राहणार आहे म्हणे. परवा फोनवर मला विचारत होती, "आजी, कॅन वी ईट लाडू ऑन आजोबाज बेंच?" मी मराठीत हो म्हटलं, तिने इंग्रजीत आभार मानले. आमचं छान चाललंय.

पाटीचा मजकूर तू मेलने पाठवलास. वर नाव, साल. खाली मराठीत 'पोरीला सांग, मी सगळं चालून आलो' आणि त्याखाली तेच इंग्रजीत. 'ऱ्हस्व-दीर्घ नीट तपास, एकदा कोरलं की संपलं,' असं लिहिलं होतंस. मी चष्मा लावून तपासलं. अनुस्वार पाहिले, स्वल्पविराम पाहिला. बरोबर आहे म्हणून कळवलं. मग दिवसभर मला अन्न गेलं नाही.

सिद्धी, घरात तुझे बाबा आहेत.

हसू नकोस. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. माझ्या कादंबऱ्यांतही कधी भूत आलेलं नाही, परीक्षक त्याबद्दल माझं कौतुकही करतात. पण दुपारी तीन वाजून गेले की त्यांच्या खोलीतून मला त्या ऑक्सिजनच्या मशीनची घरघर ऐकू येते. मशीन कधीच परत नेलंय. मेलेआनेने स्वतः गाडीत घातलं. तरी घरघर येते आणि तिच्यामागून आवाज येतो. कोरडा, पण स्वतःचा. तो एकच प्रश्न विचारतो. उत्तर मिळालं नाही की थोडं थांबतो आणि पुन्हा विचारतो. आवाजात राग नसतो, हेच मला सहन होत नाही.

म्हणून मी तीनच्या आत बाहेर पडते. म्हाताऱ्यांच्या गोल्ड कार्डावर ट्रेन फुकट, तेव्हा पार पापाकुरापर्यंत जाते आणि परत येते. खिडकीशी वही घेऊन बसते, पण लिहीत काही नाही. मंगळवारी पापाकुराच्या अलीकडे मागच्या सीटवरून तोच प्रश्न आला. मराठीत, अगदी कानाशी. मी वळून पाहिलं तर एक म्हातारे सामोअन गृहस्थ मान टाकून झोपले होते. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. मी पुढच्या स्टेशनला उतरले आणि बाकड्यावर बसून राहिले. एक मुलगी येऊन "कीया ओरा, आँटी, यू ऑल राइट?" म्हणून गेली. मी हो म्हटलं.

रायाजी माझा पिच्छा पुरवायचा, ते मला आवडायचं. पात्र छळायला लागलं की समजावं, कादंबरी होणार. बारा वर्षं मी त्याच्या मागे त्याचा निरोप मागत होते. आता कुणीतरी माझ्यामागे तसंच मागत फिरतंय.

तो प्रश्न काय आहे ते मी आज लिहिणार होते. त्यासाठीच बसले होते. तू काल फोनवर ओवीसाठी पोहायचे नवे टॉग्ज घेतल्याचं सांगत होतीस, हसत होतीस. तुझं हसणं मी वर्षभर ऐकलं नव्हतं. मला ते अजून थोडे दिवस हवं आहे. मी लोभी बाई आहे, सिद्धी, हे पत्र जपून ठेव म्हणजे पुढे तुला आठवेल.

आई


हेन्डरसन, २० जुलै २०२५, रविवार

सिद्धी,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा पाटी कोरायला गेली नसेल, अशा बेताने पाठवते आहे. शुक्रवारी मजकूर कारागिराकडे जाणार असं तू म्हणाली होतीस. साध्या टपालावर भरवसा नाही म्हणून कुरियरने पाठवणार आहे. तू आधी क्षितिजला सांगून ती पाटी थांबव आणि मग पुढचं वाच.

'पोरीला सांग, मी सगळं चालून आलो.' क.

ते वाक्य रायाजीचं आहे. बाबा आजारी पडण्याच्याही आधी, दोन हजार एकवीसच्या पावसाळ्यात मी ते लिहिलं होतं. जुन्या वहीत आहे, तारखेसकट. चांगलं वाक्य आहे म्हणून जपून ठेवलं होतं. तू खुणा मागितल्यास तेव्हा खरं लिहायची माझी छाती झाली नाही, आणि हाताशी हे तयार वाक्य होतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी कल्पनेला पुरावा म्हणून पुढे केलं, आणि तो तुझ्यासमोर. तू त्यावर माझ्याशी बोलू लागलीस. त्यावर बाक उभा राहायची वेळ आली. उद्या ओवी ती पाटी वाचून आपल्या आजोबांना ओळखणार होती. इतिहासात असे खोटे शिलालेख सापडले की मी लेख लिहून ते उघडे पाडते.

आता बुधवार, चौदा ऑगस्ट. या वेळी खुणा करत नाही. यात कल्पना नाही.

अडीच वाजता मी त्यांच्याशेजारी वही घेऊन बसले. रायाजीचं मरण मला दोन वर्षं लिहिता येत नव्हतं. तो मरत होता, पण माणसासारखा मरत नव्हता. तुझ्या बाबांना हे ठाऊक होतं. आजार कळला त्या आठवड्यात ते गमतीने म्हणाले होते, "चला, तुझ्या प्रकरणाची सोय झाली." मी त्यांच्यावर ओरडले होते. आणि तरी वही घेऊन बसले. श्वास मोजले. हे सगळं तू पाहिलंस, त्याचा राग तू केलास, तो रास्त आहे. पण तू ज्यासाठी चिडलीस ते फार थोडं होतं.

तीन वाजून दहा मिनिटांनी ते बोलले. वेळ मला ठाऊक आहे कारण मी ती लिहिली. ती वरच्या कोपऱ्यात होती, तेराव्याच्या आधी मी तो कोपरा फाडून टाकला. तू फोटो नीट पाहिलास तर कोपरा दिसत नाही.

म्हणाले, "विभा, सिद्धीला फोन लाव. तिला सांगायचंय."

मी हो म्हटलं आणि लिहिलं. 'सिद्धीला' असं न लिहिता 'पोरीला' लिहिलं. म्हणजे बघ, त्या क्षणीच ते वाक्य मी रायाजीच्या तोंडी घालून मोकळी झाले होते. फोन माझ्या डाव्या हाताशी होता, त्यांच्या औषधांच्या ट्रेमध्ये. मला तो दिसत होता. मला वाटलं, तीन दिवसांनी आवाज आलाय, अजून काही बोलतील, तेवढं उतरवून घेऊ. फोन लावला की तू रडशील, ते रडतील, मग हे जाईल. पाच मिनिटं, असं मी मनाशी म्हटलं. सिद्धी, त्या खोलीत तुझी आई नव्हती आणि त्यांची बायकोही नव्हती. बारा वर्षं एका ओळीमागे धावलेली बाई होती, आणि तिला ती ओळ मिळत होती.

थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "लावलास का?"

मी म्हटलं, "लावते हं." आणि हाताची हालचाल वरच्या रिकाम्या ओळीत लिहिली. चादर चाचपत होते ते मी खिसा शोधणं म्हणून लिहिलं. आता वाटतं, ते फोन शोधत होते.

पुन्हा विचारलं, "लावलास का, विभा?" तेव्हा मी मान वर केली नाही.

तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. माझ्याकडे बघत राहिले असावेत, कारण मी मान वर केली तेव्हा त्यांचे डोळे माझ्या वहीवर होते. म्हणाले, "राहू दे. लिही तू."

हे त्यांचे शेवटचे शब्द. चाळीस वर्षं ते हेच म्हणायचे. दूध उतू गेलं तरी, पाहुणे दारात आले तरी, तुला शाळेतून आणायचं असलं तरी. राहू दे, मी बघतो, लिही तू. त्यात उपहास नव्हता. तो असता तर मी सुटले असते.

मी लिहिलं. श्वास थांबला तेही लिहिलं. मग वही मिटली आणि घड्याळ पाहिलं तर चारला दहा मिनिटं कमी होती. चाळीस मिनिटं. तुला काय सांगायचं होतं ते मला ठाऊक नाही. ते माझ्याशी बोलायचंच नव्हतं, तुझ्याशी होतं. मी कितीही चांगली लेखिका असले तरी ते मला लिहून काढता येणार नाही, आणि यापुढे मी तसा प्रयत्न करणार नाही. प्रसादला कळवलंय की मरणाचं प्रकरण कादंबरीत राहणार नाही. तो फार चिडला. दप्तरात जशी आहे तशी ती एक ओळ राहील आणि तिथेच पुस्तक संपेल. हे तुझी समजूत काढायला केलेलं नाही. ते प्रकरण चोरीचं आहे, एवढंच.

तिकीट रद्द करायचं तर कर. मला विचारू नकोस. ओवीला काय सांगायचं ते तू ठरव. तिला मी आवडते, हे लक्षात ठेवून सांग, विनंती करायचा हक्क मला असलाच, तर एवढीच विनंती आहे. बाकावर नुसतं नाव ठेवा. रमण, आणि सालं. त्याला पुरावा आहे.

आणखी एक राहिलं. तेही लिहिते, म्हणजे माझ्याकडे काही उरणार नाही. मी तुला आणि सगळ्यांना सांगत आले की मला कळलं तशी मी लगेच फोन लावला, आणि तुझ्या मनात मात्र तेव्हापासून हे आहे की त्या दुपारी तूच आधी फोन करायला हवा होतास. नर्सलाही तू तेच म्हणालीस. मी ऐकलं आणि तुला दुरुस्त केलं नाही. चूक तुझी नव्हती. तीन वाजल्यापासून तू ओवीच्या स्विमिंग क्लासबाहेर गाडीत बसली होतीस, फोन मांडीवर घेऊन, हे क्षितिजने मला नंतर सांगितलं. आणि मी अखेर फोन लावला तेव्हा तू पहिल्याच रिंगला उचललास. मी काही बोलायच्या आत म्हणालीस, "आई, बाबांना दे ना जरा."

आई